संसर्ग आणि विटाळ

मनुष्याच्या मनांत ज्ञान आणि आचार यांची वस्ती एकाच घरांत असली, तरी त्यांचा परस्परांशीं बोलण्याचा प्रसंग क्वचितच येतो. ज्या गोष्टी आपण परीक्षेच्या कागदावर बिनचूक लिहितों, त्याच गोष्टी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर आपणांस आठवत नाहींत. ग्रहण कशानें लागतें हें शाळेंत शिकलेला मनुष्य ग्रहण सुटल्यावर स्नान करतो, आणि त्यांत कोणाचें फारसें बिघडतहि नाहीं. परंतु ज्ञान व आचार यांच्यामधील हें अबोलपण जेव्हां एखाद्या जिवंत माणसाच्या जिवावर बेततें, तेव्हां त्याची चौकशी करणें हें विचारी माणसाचें कर्तव्य ठरतें. एचआयव्ही या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या विषाणूविषयीं आमच्या सुशिक्षित समाजाची वागणूक हें या अबोलपणाचें ठळक उदाहरण आहे. विषय वरकरणी वैद्यकाचा असला, तरी त्यांतील खरी गांठ नीतिशास्त्राची आहे असें आम्हांस वाटतें, आणि म्हणून तो या पृष्ठांत घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वस्तुस्थितीकडे वळूं. सन १९८१ च्या जून महिन्यांत अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरांत पांच तरुणांस एका दुर्मिळ प्रकारचा फुप्फुसदाह झाल्याचें वृत्त प्रसिद्ध झालें. त्या वयाच्या धडधाकट माणसांस असा रोग सहसा होत नसे. त्यांच्या शरीराची प्रतिकारशक्तिच आंतून पोखरली गेली होती. दोनच वर्षांनीं, १९८३ सालीं, पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत फ्रांस्वाज बारे-सिनुसी व ल्यूक माँतान्ये यांनीं त्यामागील विषाणु वेगळा काढला; या शोधाबद्दल त्यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. रक्तांतील ज्या पेशी रोगांशीं झुंजण्याची व्यवस्था पाहतात, नेमक्या त्यांच्यांतच हा विषाणु शिरतो व त्यांचा हळूहळू नाश करतो. उपचार न झाल्यास हें काम बहुधा आठ-दहा वर्षें चालतें, आणि त्यांतील बराच काळ मनुष्य बाहेरून निरोगीच दिसतो. पुढें प्रतिकारशक्ति इतकी क्षीण होते कीं क्षयासारखे रोग त्यास सहज ग्रासूं लागतात. या शेवटल्या अवस्थेस एड्स म्हणतात. म्हणजे विषाणु अंगांत असणें ही एक गोष्ट आणि एड्स होणें ही दुसरी. सामान्य बोलण्यांत या दोहोंची जी सरमिसळ होते, ती निव्वळ शब्दांची चूक नव्हे. तिच्यामुळें पुष्कळ वर्षें जगूं शकणाऱ्या माणसास आपण मनांतल्या मनांत आधींच स्मशानांत पोंचवितों.

हा विषाणु पसरतो कसा? त्याच्या वाटा मोजक्या आहेत. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त किंवा दूषित सुई, आणि गर्भारपण, बाळंतपण व अंगावर पाजणें यांतून आईकडून मुलाकडे. नित्याच्या सहवासांत त्यास कोणतीहि वाट नाहीं. थुंकी, घाम, अश्रु यांतून तो पसरत नाहीं. हवेंतून नाहीं, पाण्यांतूनहि नाहीं. हातांत हात घेणें, एका ताटांत जेवणें, एका तलावांत पोहणें, एकच शौचकूप वापरणें यांनीं तो होत नाहीं. डासाची शंका पुष्कळांच्या मनांत असते. हिवतापाचे जंतु डासाच्या शरीरांत वाढतात, त्याच्या लाळेंत उतरतात व दंशाबरोबर दुसऱ्याच्या रक्तांत जातात. एचआयव्हीस डासाच्या शरीरांत वाढतांच येत नाहीं. तो तेथें नष्ट होतो. शिवाय डास दंश करतांना पूर्वीं प्यालेलें रक्त दुसऱ्याच्या अंगांत सोडीत नाहीं, आपली लाळ सोडतो. रुग्णाच्या रक्ताची सुई चुकून टोंचली गेली तरी लागण होण्याचा संभव हजारांत सुमारें ३ इतकाच असतो. आणि ७२ तासांच्या आंत औषध सुरू करून तें २८ दिवस घेतल्यास तोहि पुष्कळ घटतो.

उपचाराची कथा तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील मोठ्या आशादायक कथांपैकीं एक आहे. १९८७ सालीं पहिलें औषध आलें, पण तें एकटें अपुरें पडलें. १९९६ च्या सुमारास तीन औषधें एकत्र देण्याची पद्धति रूढ झाली, आणि मरणाच्या दारांतून माणसें परत येऊं लागलीं. हीं औषधें वर्षास दहा-पंधरा हजार डॉलर इतकीं महाग होतीं. २००१ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या सिप्ला कंपनीनें तींच दिवसास एका डॉलरहून कमी किंमतींत देऊं केलीं. भारत सरकारनें १ एप्रिल २००४ पासून हा उपचार मोफत सुरू केला. विषाणूस शरीरांतून समूळ उपटून काढील असें सर्वांच्या उपयोगाचें औषध अद्याप नाहीं, लसहि नाहीं. आणि म्हणून "मुळापासून बरें करतों" असें सांगणाऱ्या भोंदूंपासून सावध राहिलें पाहिजे. तथापि वेळीं उपचार सुरू करून रोज नियमानें औषध घेणारा मनुष्य आज जवळजवळ इतरांइतकेंच आयुष्य जगूं शकतो. बाधित आईच्या मुलास उपचाराविना शेकडा १५ ते ४५ इतका धोका असतो. उपचारानें तो शेकडा ५ च्या खालीं आणतां येतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, औषधानें ज्याच्या रक्तांतील विषाणु चांचणींत दिसेनासा झाला व तसाच राहिला, त्याच्याकडून शरीरसंबंधांतूनहि लागण होत नाहीं. युरोपांतील एका मोठ्या अभ्यासांत दोघांपैकीं एकासच बाधा असलेलीं शेंकडों जोडपीं तपासण्यांत आलीं. त्याचे निष्कर्ष २०१६ व २०१९ सालीं प्रसिद्ध झाले. अशा रीतीनें विषाणु दबलेल्या जोडीदाराकडून दुसऱ्यास लागण झाल्याचें एकहि उदाहरण त्यांत आढळलें नाहीं.

हें सर्व आतां गुप्त राहिलेलें नाहीं. त्यांतील मुख्य गोष्टी सरकारी रुग्णालयांच्या भिंतींवर लिहिलेल्या असतात, शाळेच्या पुस्तकांत असतात, आणि महाविद्यालयांतील वक्तृत्वस्पर्धांत त्यांवर बक्षिसेंहि मिळतात. असें असूनहि, घरीं काम करणाऱ्या बाईस ही बाधा आहे असें कळतांच दुसऱ्या दिवसापासून तिला येऊं नको म्हणून सांगण्यांत येतें. नवऱ्याच्या मागें राहिलेल्या सुनेचें ताट वेगळें काढलें जातें, आणि पुढें तिची माहेरीं रवानगी होते. बाधित मुलाशेजारीं आपलें मूल बसवूं नये म्हणून पालक शाळेंत तक्रार घेऊन जातात. हे सर्व करणारे लोक अडाणी असते, तर उपाय सोपा होता. त्यांना शिकवावें म्हणजे झालें. परंतु त्यांतील पुष्कळजण वर सांगितलेली माहिती आम्हांपेक्षां चांगली सांगूं शकतील. "आम्हांला सगळें ठाऊक आहे हो, पण उगीच धोका कशाला?" हें वाक्य ज्याच्या कानीं पडलें नसेल असा वाचक विरळा. येथें प्रश्न असा उभा राहतो कीं, जेथें धोका नाहीं हें ठाऊक आहे, तेथें हा "उगीच धोका" येतो कोठून? अज्ञान हें याचें उत्तर होऊं शकत नाहीं.

उत्तरासाठीं गैरसमजुतींची यादीच एकदां शांतपणें वाचून पाहावी. पेला, ताट, पाण्याचा माठ, अंथरूण, बसावयाची जागा, न्हाणीघर, स्पर्श. ही यादी कोणत्याहि वैद्यकग्रंथांत सांपडणार नाहीं. परंतु मराठी वाचकास ती अनोळखीहि वाटणार नाहीं. आमच्या आजे-पणजांच्या घरांत ती मुखोद्गत होती. ज्यांच्यासाठीं पेला वेगळा, पाणवठा वेगळा, बसावयाची जागा वेगळी ठेवली जाई ते कोण, हें सांगावयास नको. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी डॉ. आंबेडकरांनीं ओंजळींत घेतलें तें याच यादीविरुद्ध. यादी जुनीच आहे. तिच्यावर फक्त रोगाचें नवें नांव लिहिलें गेलें आहे. एचआयव्हीसंबंधीं आपल्या मनांत जी भीति आहे ती संसर्गाची नव्हे, विटाळाची आहे, हें एकदां ध्यानांत आलें म्हणजे सुशिक्षितांच्या वागण्यांतील कोडें आपोआप उलगडतें.

संसर्ग आणि विटाळ यांचें बाह्यरूप सारखें दिसतें, पण स्वभाव अगदीं भिन्न आहे. संसर्ग विचारतो: कोणता जंतु, कोणत्या वाटेनें, किती प्रमाणांत, आणि तो कशानें रोखतां येईल? विटाळ एवढेंच विचारतो: कोण? संसर्ग मोजतां येतो, विटाळ मोजतां येत नाहीं. संसर्गाची भीति माहितीनें कमी होते. विटाळाची भीति माहिती ऐकून घेते, मान डोलावते आणि होती तेथेंच राहते. संसर्गाचा धोका औषधानें नाहींसा झाला म्हणजे त्याबरोबर सावधगिरीहि संपावयास हवी. परंतु विटाळास औषध नसतें. म्हणून ज्याच्या रक्तांत विषाणु आतां चांचणींतहि दिसत नाहीं, त्या माणसाचा पेला मात्र वेगळाच राहतो. उलटपक्षीं, सर्दी-तापानें फणफणलेला पाहुणा लग्नाच्या पंक्तींत शिंकत बसतो, आणि त्याच्या शिंकेंतून खरोखरच रोग पसरत असतां कोणी त्यास उठवीत नाहीं. जेथें संसर्ग आहे तेथें आम्ही उदार, आणि जेथें तो नाहीं तेथें आम्ही कडक! ही विसंगति केवळ भित्रेपणानें घडत नाहीं. त्या शिंकेमागें कोणतेंहि पाप कल्पिलेलें नाहीं, हेंच तिचें कारण आहे.

विटाळाची बुद्धि निर्दय असते एवढेंच नव्हे, ती आंधळीहि असते. नसलेल्या धोक्यास ती घाबरते आणि असलेल्या धोक्यापुढें निश्चिंत झोंपते. रोग "तसल्या" माणसांस होतो अशी समजूत असली म्हणजे आपण तसले नाहीं एवढ्या खात्रीवर घर सुरक्षित मानलें जातें. पुण्यांतील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या संशोधकांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानें या खात्रीस मोठाच धक्का दिला. गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ज्या स्त्रिया वेश्याव्यवसायांत नव्हत्या, त्यांच्यांतहि शेकडा सुमारें १४ जणींस बाधा आढळली. आणि त्यांतील बहुतेकींचा आपल्या पतीवांचून कोणाशींहि संबंध आलेला नव्हता. ज्या कुंकवास समाज रक्षण मानीत होता, त्यानें त्यांचें रक्षण केलें नाहीं. विषाणु लग्नाची गांठ पाहत नाहीं, कुळशील पाहत नाहीं, चेहरा तर पाहतच नाहीं. आणि चेहरा पाहून बाधा ओळखतां येते या समजुतीइतकी घातक समजूत दुसरी नसेल. चांचणीखेरीज ती ओळखण्याचा मार्ग नाहीं. आणि लागणीनंतर कांहीं आठवडे चांचणींतहि ती दिसत नसल्यामुळें, एकदां "नाहीं" असा निकाल आला कीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें योग्य काळानें पुन्हा तपासावें लागतें.

संसर्गाच्या नांवाखालीं विटाळच पाळला जातो, याचें एक उदाहरण आमच्या शेजारच्या गोव्यांत घडलें आहे. तेथील सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांत १९८६ सालीं दुरुस्ती होऊन एचआयव्हीबाधितांस अलग ठेवण्याचा अधिकार सरकारास मिळाला. नियमितपणें रक्तदान करणारे डॉमिनिक डिसूझा नांवाचे एक तरुण गृहस्थ १९८९ सालीं या कायद्याच्या तावडींत सांपडले. दान केलेल्या रक्ताच्या तपासणींत बाधा आढळली. पोलिसांकरवीं त्यांस नेण्यांत आलें, आणि म्हापशास क्षयरुग्णांच्या एका जुन्या इमारतींत त्यांस ६४ दिवस एकटें ठेवण्यांत आलें. जो रोग हवेंतून पसरतो त्याच्यासाठीं बांधलेल्या जागेंत, जो हवेंतून पसरत नाहीं त्याच्या रुग्णास कोंडावें, यांत वैद्यकाचा अंश किती आणि विटाळाचा किती, हें वाचकांनींच ठरवावें. त्यांच्या मातोश्रींनीं न्यायालयांत दाद मागितली. परंतु मुंबई उच्च न्यायालयानें तो कायदा वैधच ठरविला. डिसूझा यांनीं पुढें अशाच रुग्णांसाठीं एक संस्था काढली व १९९२ सालीं ते निवर्तले. त्याच उच्च न्यायालयानें १९९७ सालीं एका कामगाराच्या प्रकरणांत मात्र असा निर्णय दिला कीं, जो काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून इतरांस धोका नाहीं, अशा मनुष्यास केवळ एचआयव्हीच्या कारणानें कामावरून दूर ठेवतां येणार नाहीं. पहिल्या निकालानें "कोण?" हा प्रश्न मान्य केला होता, दुसऱ्यानें "काय करूं शकतो, आणि धोका किती?" असे प्रश्न विचारले. आठ वर्षांतील हा प्रवास विटाळाकडून संसर्गाकडे, म्हणजेच कल्पनेकडून वस्तुस्थितीकडे झालेला आहे.

हें मनुष्यजातीचें जुनेंच दुखणें आहे. उपदंशाचा उपद्रव युरोपांत सुरू झाला तेव्हां इटलीचे लोक त्यास फ्रेंचांचा रोग म्हणत, फ्रेंच त्यास नेपल्सचा रोग म्हणत, आणि रशियन पोलंडचा. तो आमच्याकडे आला तेव्हां सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें आपल्या भावप्रकाशांत त्यास फिरंगरोग असें नांव दिलें. रोग नेहमींच दुसऱ्याच्या गांवचा असतो! एचआयव्हीच्या बाबतींतहि आरंभीं अमेरिकेनें तो समलिंगी पुरुषांचा म्हटला, आणि आम्हीं तो पाश्चात्य स्वैराचाराचा म्हटला. कुष्ठाचें उदाहरण याहून बोलकें आहे. नॉर्वेंतील हॅन्सेन यानें कुष्ठाचा जंतु १८७३ सालीं शोधून काढला. म्हणजे तो पूर्वजन्मींच्या पापाचें फळ नव्हे हें तेव्हांच सिद्ध झालें. तरी साठांहून अधिक वर्षांनीं परचुरे शास्त्र्यांसारख्या संस्कृत पंडितास कुष्ठ झालें, तेव्हां त्यांस आसरा मिळाला तो सेवाग्रामांत, आणि त्यांच्या अंगास तेल चोळण्यास स्वतः गांधीजींस बसावें लागलें. जंतूचा शोध लागल्यानें अज्ञान जातें. विटाळ जाण्यास कोणाचा तरी हात पुढें यावा लागतो.

येथें एक आक्षेप येईल, व तो आम्ही हलका मानीत नाहीं. "निर्दोष रुग्णांविषयीं आम्हांस सहानुभूति आहेच," असें कांहीं सज्जन म्हणतात, "रक्त चढविल्यामुळें बाधा झालेलें मूल, पतीमुळें बाधित झालेली पत्नी, यांना कोण नांव ठेवील? परंतु ज्यानें आपल्या हातानें हें ओढवून घेतलें, त्याच्याविषयींहि तीच भावना ठेवा म्हणणें हें अनीतीस उत्तेजन नव्हे काय?" ही विभागणी दिसते न्याय्य, पण ती टिकत नाहीं. एक तर व्यवहारांत ती कधींच पाळली जात नाहीं. अमेरिकेंतील इंडियाना प्रांतांत रायन व्हाइट नांवाच्या मुलास रक्तस्रावाच्या जन्मजात विकारावरील औषधांतून बाधा झाली होती. याहून निर्दोष कोण असणार? तरीहि १९८५ सालीं शाळेनें त्यास प्रवेश नाकारला, आणि पालकांनीं त्यास पाठिंबा दिला. दुसरें असें कीं, ही रेघ ओढावयाची कोठें? भारतांत हा विषाणु प्रथम आढळला तो १९८६ सालीं मद्रासेंत. मूळच्या गायतोंडे घराण्यांतील डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनीं वेश्याव्यवसायांतील सुमारें शंभर स्त्रियांचें रक्त तपासविलें, आणि त्यांत ६ जणींस बाधा निघाली. त्यांच्यांत एक अवघी तेरा वर्षांची, पळवून आणून विकलेली मुलगी होती, असें डॉ. सॉलोमन पुढें सांगत. समाजाच्या वहींत ती "दोषी" या सदराखालीं पडते! या देशांतील पहिल्याच नोंदींत जी विभागणी अशी कोलमडली, तिच्या आधारावर दयेचे दर ठरविणें हें न्यायाचें काम नव्हे.

आणि समजा, एखाद्याचा दोष निर्विवाद आहे. तरी त्यामुळें काय सिद्ध होतें? भरधाव गाडी हांकून हात-पाय मोडून घेणाऱ्यास आपण शस्त्रक्रिया नाकारीत नाहीं. अति खाऊन मधुमेह ओढवून घेणाऱ्याचा पेला वेगळा ठेवीत नाहीं. शिक्षा देणें असेल तर ती कायद्यानें, चौकशी करून, अपराधाच्या मानानें द्यावी. विषाणूस न्यायासनावर बसविण्याचा अधिकार कोणी दिला? तो तर पत्नीस पकडतो व पतीस सोडतो, बाळास पकडतो व दलालास सोडतो. ज्या न्यायाधीशाचे निकाल असे असतील, त्याच्या निकालावर आपली सही करणें हें नीतिमत्तेचें लक्षण नव्हे.

मग कोणावर कांहींच जबाबदारी नाहीं काय? आहे; आणि ती आम्ही यत्किंचितहि कमी करूं इच्छीत नाहीं. परंतु दोष आणि दायित्व यांत अंतर आहे. दोष मागें पाहतो, दायित्व पुढें पाहतें. हा रोग कसा आला हा प्रश्न रुग्णाच्या अंतःकरणाचा, आणि उपचारापुरता डॉक्टरांचा आहे, शेजाऱ्यांचा नाहीं. पण तो येथून पुढें कोणास होऊं नये, हा प्रश्न सर्वांचा आहे. बाधितानें औषध चुकवूं नये, जोडीदारापासून सत्य लपवूं नये, आपल्यामुळें दुसऱ्यास धोका होणार नाहीं अशी काळजी घ्यावी, हें त्याचें दायित्व. आणि हें सर्व त्यास निर्भयपणें करतां यावें अशी परिस्थिति राखणें हें समाजाचें. २०१७ सालीं झालेल्या व १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आलेल्या भारतीय कायद्यांत हीं दोन्ही अंगें आहेत. नोकरी, शिक्षण, उपचार, घर यांबाबतींत बाधितांशीं भेदभाव करण्यास त्यानें मनाई केली. संमतीवांचून चांचणी करणें व दुसऱ्याची बाधा जाहीर करणें यांस बंदी केली. आणि त्याबरोबरच लागण दुसऱ्यास होऊं नये म्हणून योग्य ती खबरदारी घेण्याचें कर्तव्य बाधितावरहि ठेविलें.

हीं दोन दायित्वें परस्परांवर अवलंबून आहेत, ही गोष्ट कडक नीतीच्या पुरस्कर्त्यांनीं विशेष लक्षांत घ्यावी. निंदेमुळें लोक भलत्या वाटेस जात नाहींत असें म्हणतात. तसें होतें कीं नाहीं तें असो, निंदेमुळें लोक चांचणीस जात नाहींत हें मात्र निश्चित. चांचणी नाहीं म्हणून औषध नाहीं, औषध नाहीं म्हणून विषाणु दबत नाहीं, आणि जो दबलेला असता तर कोणासहि पोंचला नसता, तो पुढें पत्नीस व बाळास पोंचतो. आपलें घर वांचवावें म्हणून जो पेला आपण वेगळा काढतों, तो पाहून शेजारच्या घरांतील कोणी आपलें दुखणें लपवितो. विटाळ रोगास अटकाव करीत नाहीं. तो रोगास आडोसा देतो.

१८९७ सालीं पुण्यांत प्लेग आला तेव्हां त्याच्या रुग्णांजवळ जाणें म्हणजे खरोखरच मृत्यूच्या तोंडीं जाणें होतें. सावित्रीबाई फुले गेल्या, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें वारल्या. त्यांच्यापुढें संसर्ग होता, आणि त्यांनीं तो जाणून पत्करला. आपणांकडून आज त्या धैर्याचा शतांशहि कोणी मागत नाहीं. सहवासांत ज्यापासून आपणांस कांहींहि होणार नाहीं अशा माणसाबरोबर बसावें, त्याच्या हातचा चहा घ्यावा, त्याची गोष्ट चव्हाट्यावर आणूं नये, त्याच्या मुलास आपल्या मुलाशेजारीं बसूं द्यावें, आणि आपल्या घरांत विवाहापूर्वीं उभयतांच्या संमतीनें चांचणीचा विषय काढतांना लाजूं नये, एवढेंच मागणें आहे. यास शौर्य लागत नाहीं. जें ठाऊक आहे त्याप्रमाणें वागण्याचा प्रामाणिकपणा लागतो. धोका नसतांना दूर सरणाऱ्या पावलास सावधगिरी म्हणण्याचें आपण सोडून दिलें, आणि त्याचें खरें नांव स्वतःशीं तरी उच्चारलें, तर अर्धें काम तेथेंच होईल. कारण विटाळ हा शब्द स्वतःविषयीं मान्य करण्यास आजचा सुशिक्षित मनुष्य लाजतो, आणि ती लाज या कामीं पुष्कळ उपयोगी पडण्यासारखी आहे.